गाडीचं मेण घरी करायचं आहे: गोव्याच्या हवेत टिकेल असं प्रमाण कोणतं?

किनाऱ्यावरची_हॅचबॅक

नमस्कार मंडळी. गाडी पांढरी हॅचबॅक आहे, रंग मूळ कंपनीचाच, कुठेही टचिंग नाही. उभी असते उघड्यावर. समुद्र हाकेच्या अंतरावर, डोक्यावर माड, बाजूला आंबा. पावसाळ्याआधी एकदा आणि चवथीच्या आधी एकदा घरी केलेलं मेण लावावं असा विचार आहे.

सगळीकडे फिरणारी कृती अशी: एक वाटी मधमाशीचं मेण, अर्धी वाटी खोबरेल, एक वाटी रॉकेल, सगळं एकत्र गॅसवर वितळवायचं आणि डब्यात ओतायचं. मला तीन गोष्टी पटत नाहीत. खोबरेल पत्र्यावर सुकणार कसं? रॉकेल गॅसवर ठेवायचं म्हणजे आग लागायला वेळ नाही. आणि कार्नोबा मेण घालतात असं वाचलं, पण किती, ते कोणी सांगत नाही.

जाणकारांनी कृपया वाट्या-चमचे न सांगता ग्रॅममध्ये सांगावं. काय बिघडतं आणि का बिघडतं तेही हवं आहे.

---

फोंडा_पॉलिश

तिन्ही शंका बरोबर आहेत. ती कृती लाकडी पाटाला किंवा चामड्याच्या चपलेला चालून जाईल, गाडीला नाही.

आधी खोबरेल. ते २४-२५ अंशांच्या वर पातळ असतं, म्हणजे गोव्यात जवळजवळ वर्षभर पातळच. हवेत ते जवससारखं सुकून कडक होत नाही. पत्र्यावर तेलकट थर राहतो, त्यावर लाल धूळ बसते आणि पुढच्या वेळी पुसताना तीच धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. शिवाय खवट होतं ते वेगळंच. जवसाचं तेल सुकतं, पण पिवळं पडतं आणि पांढऱ्या गाडीवर ते लगेच दिसतं. त्याचे बोळे करून टाकलेले फडके आपोआप तापून पेट घेऊ शकतात. म्हणून दोन्ही तेलं बाद.

रॉकेलची अडचण वासाची कमी, उडण्याची जास्त. ते साधारण १५० ते ३०० अंशांच्या दरम्यान उकळतं, त्यामुळे त्याचा जड भाग पत्र्यावरून उडतच नाही. पुसलं की फरकटतं, पुन्हा पुसलं की पुन्हा फरकटतं. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानात ऑइलपेंट पातळ करायला मिळतं ते मिनरल तार्पीन घ्या. ते साधारण १४५ ते २०५ अंशांत उडून जातं, मागे काही राहत नाही. एनसी थिनर, म्हणजे लॅकर रंग पातळ करायचा जहाल थिनर, अजिबात नको, तो रंगावर आणि प्लास्टिकवर चढतो. पेट्रोलचं तर नावच काढू नका.

आता मेणं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचं बॉनेट ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. नुसतं मधमाशीचं मेण तिथे मऊ पडतं आणि धूळ धरतं. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि आपल्याला परवडतील अशा नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक तेच. पण एकटं वापरलं तर इतकं ठिसूळ की लावता येत नाही. म्हणून कडकपणाला कार्नोबा, चिवटपणाला मधमाशीचं, पसरायला तार्पीन.

२०० ग्रॅमचा एक डबा:

कार्नोबा, टी१ प्रतीचं, फिकट पिवळ्या पापड्या: ३० ग्रॅम
मधमाशीचं मेण, गाळलेलं: १४ ग्रॅम
मिनरल तार्पीन: १५० ग्रॅम, म्हणजे साधारण १९० मिली
सिलिकॉन तेल, ३५० सेंटीस्टोक (हे तेलाच्या दाटपणाचं माप): ६ ग्रॅम

सगळं वजनावर, तार्पीनसुद्धा. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो. हॅचबॅकला एका हाताला दहा ग्रॅमच्या आसपास मेण लागतं, तेव्हा डबा बरेच दिवस जातो. पहिल्यांदा याहून मोठा घाणा काढू नका.

कृतीपेक्षा जागा महत्त्वाची, म्हणून ते आधी. विस्तव घरात आणि तार्पीन अंगणात, दोघांची गाठ पडू द्यायची नाही. मिनरल तार्पीनची वाफ ३५-४० अंशांपासूनच पेट घेण्याजोगी होते आणि ती हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरपटत जाऊन दुसऱ्या खोलीतल्या शेगडीपर्यंत पोहोचते. आपल्या स्वयंपाकघरांना मागचं दार असतं आणि लोक तिथेच पायरीवर बसून हे करतात. तीच जागा सगळ्यात वाईट.

घरात, गॅसवर, पाण्याच्या पातेल्यात दुसरं छोटं स्टीलचं पातेलं ठेवून फक्त दोन मेणं वितळवा. आधी कार्नोबा, तो पाण्यासारखा झाला की मधमाशीचं. थेट आचेवर ठेवलं तर कार्नोबा काळवंडतो. वाफेचा थेंब मेणात पडू देऊ नका, नंतर डब्यात तिथे खड्डा दिसतो. मेण ९० अंशांच्या आसपास आलं की गॅस बंद. एका मोठ्या जाड टोपात चार-पाच लिटर उकळतं पाणी घेऊन टोप आणि मेणाचं पातेलं दोन्ही अंगणात न्या.

पातेलं त्या गरम पाण्यात उभं करा. आता तार्पीन बारीक धारेने, ढवळत ढवळत. ते गार असतं, त्यामुळे मिश्रण मधेच गढूळ होतं, रवा पडल्यासारखं दिसतं. घाबरू नका, पातेलं पाण्यात राहू द्या आणि ढवळत राहा. ७५ अंशांच्या आसपास ते पुन्हा पारदर्शक होतं, फिक्या चहासारखं. पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग सिलिकॉन तेल घाला, मिनिटभर ढवळा आणि पातेलं पाण्याबाहेर काढून खालची बाजू पुसून घ्या.

पुढचा भाग लोक घाईत उरकतात आणि सगळा पोत तिथेच ठरतो. मिश्रण सावकाश थंड झालं की कार्नोबाचे मोठे कण बनतात, डबा रवाळ होतो. लवकर थंड झालं तर कण बारीक राहतात, मेण लोण्यासारखं होतं. आपली हवाच ३०-३२ अंशांची, म्हणून नुसतं ठेवून दिलं तर रवाळ होणारच. कडेला पहिली धूसर झाक दिसेपर्यंत ढवळत राहा. ती दिसली की लगेच पसरट पत्र्याच्या डब्यात ओता आणि डबा बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी डब्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत. फ्रीजमध्ये ठेवू नका. बंद फ्रीजमध्ये तार्पीनची वाफ कोंडते आणि आत थर्मोस्टॅटची ठिणगी असते.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातही ओतू नका, पातळ प्लास्टिक तार्पीनने मऊ पडतं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा अॅल्युमिनियमचा डबा घ्या. हातमोजे नायट्राइलचे, रबरी मोजे तार्पीनने फुगतात. आणि जवळ एक ताट ठेवा, पातेल्यावर बसेल असं. पेटलंच तर ताट झाका. पाणी ओतू नका, जळतं मेण पाण्यावर तरंगून चौफेर उडतं.

---

रंगकाम_वास्को

फोंडाबाब, प्रमाण उत्तम, पण सिलिकॉन तेलाला माझा विरोध आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या बाजूने सांगतो.

सिलिकॉन लावलेल्या गाडीला पुढे कधी बंपरचा कोपरा किंवा दाराचा पॅनेल रंगवायची वेळ आली की नव्या रंगात वाटोळे खड्डे पडतात, आम्ही त्यांना माशाचे डोळे म्हणतो. रंग त्या जागेवर बसतच नाही, बाजूला सरकतो. सिलिकॉन घासकामाच्या धुळीबरोबर, फडक्याबरोबर सगळ्या शेडमध्ये पसरतं आणि शेजारच्या गाडीचंही काम बिघडवतं. मग सगळा पत्रा डिग्रीझरने दोन-दोनदा पुसावा लागतो. तो खर्च शेवटी गाडीवाल्याच्याच माथी.

६ ग्रॅम सिलिकॉनच्या जागी औषधाच्या दुकानात मिळतं ते लिक्विड पॅराफिन (पातळ खनिज तेल, मेण नव्हे) ४ ग्रॅम आणि तार्पीन २ ग्रॅम जास्त. पसरायला थोडं जड जाईल, चमकही किंचित कमी. पण रंगाच्या आड काही येत नाही.

आणखी एक. हार्डवेअरवाल्याला नुसतं तार्पीन मागितलं तर कधी कधी चिडाच्या झाडाचं, डिंकाचं तार्पीन देतात. त्याला डोंगरी चिडाचा उग्र वास येतो, मिनरलला रॉकेलसारखा पण हलका. डिंकाचं तार्पीन हवेत चिकट होत जातं आणि काहींच्या कातडीला पुरळ येतो. ओळखायचं तर एक थेंब काचेवर टाका आणि दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहा. मिनरल पूर्ण उडालेलं असतं, डिंकाचं बोटाला लागतं.

---

फोंडा_पॉलिश

मान्य. ज्या गाडीला पुढच्या काळात रंगकाम होणार असेल तिला सिलिकॉन नको. मूळ रंग शाबूत असलेल्या गाडीला मी ते सुचवतो, कारण आपल्या दमट हवेत पुसून काढणं त्याने फार सोपं होतं. पण प्रश्नकर्त्यांची गाडी अरुंद वाड्यांतल्या रस्त्यांवर फिरत असणार, कोपरे घासतातच. तेव्हा लिक्विड पॅराफिनचा पर्याय घ्या. चार ग्रॅमच्या वर मात्र जाऊ नका, नाहीतर खोबरेलचीच गत. लिक्विड पॅराफिनसुद्धा उडत नाही.

---

किनाऱ्यावरची_हॅचबॅक

फार उपयोगी माहिती मिळाली. थोडं पुढचं विचारतो.

कार्नोबा इथे दुकानात मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागेल. खरं-खोटं कसं ओळखायचं? मधमाशीच्या मेणाऐवजी मेणबत्त्यांचे तुकडे चालतील का? जुन्या गोव्याच्या फेस्तानंतर घरोघरी ते पडलेले असतात. आणि ढवळण्याऐवजी हँड ब्लेंडर वापरला तर पोत बारीक येईल का?

---

सत्तरी_रानमेवा

मेणाचं मी सांगतो.

मेणबत्तीचं मेण म्हणजे बहुतेक पॅराफिन, ५८ ते ६० अंशांना वितळणारं. ते रंगाला धरून राहत नाही, उन्हात आणि शांपूत लवकर निघतं. मेणबत्तीत रंग, सुगंधी तेल, स्टिअरिक आम्लही असतं, त्याची पांढरी रेघ पुसली जात नाही. नको ते.

मधमाशीचं मेण सत्तरी, काणकोण भागात मध काढणाऱ्यांकडे मिळतं. ते पोळ्याचं कच्चं मेण असतं, मध, परागकण, मेलेल्या माशा सगळं त्यात. तसंच वापरलं तर मधाचा अंश पत्र्यावर राहतो. त्याला मुंग्या लागतात आणि पहिल्या पावसात ओघळाच्या खुणा पडतात. शुद्ध करायचं असं: मेणाच्या दुप्पट पाण्यात मंद आचेवर वितळवा, पाणी उकळू देऊ नका, जुन्या सुती धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळा आणि भांडं टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेवा. सावकाश थंड झालं की वर वडी, खाली पाणी. वडीच्या तळाशी करडा गाळ चिकटलेला असतो, तो सुरीने खरवडून टाका. पुन्हा एकदा तसंच करा. मग वडी किसून दोन दिवस पंख्याखाली वाळवा. ओलं मेण तार्पीनमध्ये घातलं की पाणी तळाशी बसतं आणि डब्यात फोड येतात.

शंभर ग्रॅम कच्च्या मेणात बरीच घट येते, म्हणून १४ ग्रॅमसाठी तीस-चाळीस ग्रॅम कच्चं घेऊन ठेवा. शुद्ध मेण हातात मळलं तर मऊ होऊन एकजीव होतं, पॅराफिनची भेसळ असेल तर चुरा पडतो आणि बोटांना साबणासारखं गुळगुळीत लागतं.

---

फोंडा_पॉलिश

कार्नोबाची परीक्षा सोपी आहे. थर्मामीटर लावून पाणी ७५ अंशांवर धरा आणि चिमूटभर पापड्या त्यात टाका. खरा कार्नोबा घट्टच राहतो. पॅराफिन मिसळलेलं असेल तर पापड्यांच्या कडा वितळून पाण्यावर तेलाची गोल टिकली दिसते. कोरड्या पापडीवर नख दाबा, नखाचा व्रण उठला तर ते कार्नोबा नाही. खरी पापडी काचेसारखी टचकन मोडते. सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे टी१ मिळतं. टी३ आणि टी४ गडद असतात, काळ्या गाडीला चालतील, पांढरीला टी१च घ्या.

ब्लेंडर नको. आतल्या मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात आणि खाली तार्पीनची वाफ असते. शिवाय हवा मिसळली जाते, मेण फेसाळ होतं. लाकडी उलथनं पुरे.

डबा रवाळ झालाच तर टाकून देऊ नका. भरलेल्या डब्याचं वजन पहिल्याच दिवशी झाकणावर आतून लिहून ठेवा. रवाळ डबा झाकण काढून अंगणात गरम पाण्यात ठेवा, पारदर्शक होऊ द्या, पुन्हा वजन करा. समजा २६२ ग्रॅमचा २५१ झाला, तर ११ ग्रॅम तार्पीन उडालं, तेवढंच घाला, ढवळा, बर्फाच्या पाण्यात ठेवा. काही महिन्यांनी मेण आक्रसून डब्याची कड सोडायला लागतं, तेव्हाही इलाज हाच.

मे महिन्यात मेण फारच मऊ वाटलं तर पुढच्या खेपेला कार्नोबा ३४ आणि तार्पीन १४६. डब्यातून काढताना खणावं लागत असेल तर कार्नोबा २६, तार्पीन १५४. मधमाशीच्या मेणाला हात लावायची गरज सहसा पडत नाही.

---

मडगाव_डिटेलिंग

मेणाचं बोलून झालं, आता पत्र्याचं. घरी केलेल्या मेणाविषयी ज्या तक्रारी येतात त्यांत मेणाचा दोष कमी असतो, खालची घाण आणि जाड हात यांचाच जास्त.

गोव्याची लाल धूळ म्हणजे चिऱ्याचा भुगा. डिचोली, सांगे बाजूच्या रस्त्यांवर तर खनिजाचीही. ती ओल्या फडक्याने पुसायची नाही, आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वरून खाली वाहवून टाकायची. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शांपू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात पिळून मगच शांपूत. भांड्याची पावडर नको, तिच्यात घासणारे कण असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, शेवटचा हात नळाच्या पाण्याने द्या आणि उन्हात वाळू देऊ नका. पांढरे ठिपके आधीचेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, फडक्यावर घेऊन, मिनिटभर ठेवून लगेच धुवा.

धुतल्यावर बोटांत पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेले कण उचलणारी चिकट वडी, लागणार, शांपूच्या पाण्याने निसरडं करून, जोर न लावता. क्ले खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, मातीचा एक कण पुरतो ओरखड्यांना. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं मिसळून पुसून घ्या, जुनं मेण आणि तेल निघून जाईल.

लावायची वेळ: सकाळी अगदी लवकर नको, पत्र्यावर दव असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ओल्या पत्र्यावर मेण धूसर बसतं. नऊच्या पुढे सावलीत, किंवा चार वाजल्यानंतर. हाताची उलटी बाजू बॉनेटवर आरामात टेकवता आली पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर तार्पीन क्षणात उडतं आणि मेण ढेकळासारखं चिकटतं.

फोमच्या अॅप्लिकेटरवर एका रुपयाच्या नाण्याएवढं मेण, तेवढ्यात अर्धं बॉनेट. थर इतका पातळ की लावलं आहे की नाही ते तिरकं पाहिल्याशिवाय कळू नये. जाड थराने काही जास्त टिकत नाही. वरचं सगळं पुसलंच जातं, फक्त पुसताना दमछाक होते आणि पांढरी झाक राहते. एका वेळी एकच पॅनेल. पाच ते दहा मिनिटांनी, मे महिन्यात तीन-चार मिनिटांनीच, बोटाने एक रेघ ओढून पाहा. रेघ स्वच्छ निघाली तर मायक्रोफायबरने पुसा, फरकटली तर अजून थांबा. पावसाळ्यात पंखा लावला तर फरक पडतो, वारा हवाच. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही. पहिल्या थरातलं तार्पीन अजून आत असतं आणि नवं तार्पीन तो थर विरघळवून टाकतं.

काळ्या खरखरीत प्लास्टिकला आधी मास्किंग टेप लावा. त्याच्या बारीक छिद्रांत मेण बसलं की पांढरे डाग पडतात. पडलेच तर मऊ टूथब्रशवर जरासं मिनरल तार्पीन घेऊन घासा आणि लगेच साबणाने धुवा. समोरच्या काचेला लावू नका, वायपर थरथरतो आणि रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा प्रकाश पसरतो. मॅट रंगाला तर मुळीच नको.

टिकण्याचं खरं सांगायचं तर जून-जुलैच्या पावसात उघड्यावरच्या गाडीला तीन ते पाच आठवडे, कोरड्या दिवसांत छपराखाली दोन महिन्यांच्या पुढे. गाडीवर पाणी टाकून पाहा. थेंब गोल उभे राहतात तोवर मेण आहे, पाणी चादरीसारखं पसरलं की गेलं. म्हणून प्रश्नकर्त्यांनी वर्षातून दोनदा लावायचं ठरवलं आहे ते पुरणार नाही. मेअखेर, जुलैच्या मध्यात आणि चवथीच्या आधी, असं निदान तीनदा धरा.

---

रंगकाम_वास्को

झाडांचं राहिलं. मेण लावलं म्हणून पक्ष्याची विष्ठा दिवसभर उन्हात राहू द्यायची असं नाही. तिच्यातलं आम्ल आणि उन्हाने नरम झालेला क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर), दोन्ही मिळून खड्डा पाडतात. मेणामुळे काही तास जास्त मिळतात, इतकंच. वटवाघळांनी खाऊन टाकलेल्या फळांचे डाग त्याहून चिवट. ओला फडका पाच मिनिटं वर ठेवून भिजवा, मग उचला, घासू नका. आंब्याचा चीक सुकलेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून काढा आणि तेवढ्या जागेवर मेणाचा हात पुन्हा द्या, कारण अल्कोहोलने तिथलं मेण गेलेलं असतं.

कंपनीचा क्लिअरकोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, तुमचं मेण त्याच्या तुलनेत काहीच नाही. खड्डा क्लिअरकोटमध्ये पडला की मेणाने तो भरत नाही, फक्त चार दिवस कमी दिसतो.

---

किनाऱ्यावरची_हॅचबॅक

तार्पीनची भीती घरच्यांना वाटते आहे. पाण्यात मिसळणारं मेण घरी होतं का? आणि खाऱ्या वाऱ्यासाठी हेच मेण गाडीच्या खालच्या बाजूला लावलं तर?

---

प्रयोगवही_पर्वरी

पाण्याचं होतं, पण तुमच्या कामाचं नाही. कार्नोबा १२ भाग, ओलेइक आम्ल २ भाग वितळवून त्यात ट्रायइथेनॉलअमीन २ भाग घालायचं आणि उकळतं पाणी, हो, उकळतंच, थोडं थोडं ओतत १०० भाग करायचे. आधी मधासारखं दाट होतं, मग एकदम पातळ दुधाळ. गार पाणी ओतलं तर मेण दाण्यांनी वेगळं पडतं. आग लागायची भीती यात नाही. पण मेण पाण्यात मिसळायला जो साबण घालतो तोच साबण थरात राहतो आणि पावसाचं पाणी त्याला हळूहळू उचलतं. फरशीला किंवा दाराच्या आतल्या बाजूला ठीक. आपल्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावरच्या गाडीला नाही. वर आपल्या दमट हवेत त्याला बुरशी येते, परिरक्षक घातल्याशिवाय महिनाभरही ठेवू नये.

घरच्यांची भीती रास्त आहे. त्यावर मार्ग असा की दोन शेजाऱ्यांनी मिळून एकदाच डबा करावा, मोकळ्या जागेत, दुपारी, वारा असताना. पंधरा-वीस पावलांच्या आत विडी, देवापुढचा दिवा, मच्छर अगरबत्ती, बाइकचं स्टार्टर काही नको. तार्पीनचे फडके बोळा करून कोपऱ्यात न टाकता दोरीवर पसरून वाळवायचे, मग साबणाने धुवायचे.

---

मडगाव_डिटेलिंग

खालच्या बाजूला हे मेण लावू नका. ते पातळ आणि ठिसूळ, चाकांनी उडालेली खडी दोन दिवसांत ते काढून टाकेल. मिठाचं पाणी जिथे साचतं ती जागा म्हणजे दारांच्या तळाच्या कडा, चाकांवरच्या कमानीची आतली घडी आणि डिकीच्या झाकणाखालची गटारी. तिथे उडत नाही असं तेलकट, मऊ मेणच लागतं, म्हणजे पोकळ्यांसाठी मिळणारं कॅव्हिटी वॅक्स. ब्रेकच्या डिस्कवर, रबरी बुशवर आणि सायलेन्सरवर त्याचा शिंतोडा जाऊ देऊ नका. आणि दाराच्या तळाला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती आधी काडीने मोकळी करा. लाल चिखलाने ती बुजलेली असली तर वरून कितीही मेण लावा, दार आतून सडतं.

---

किनाऱ्यावरची_हॅचबॅक

देव बरें करूं. कार्नोबा आणि लिक्विड पॅराफिन मागवतो, सिलिकॉन नको. एक शेवटचं: मेण लावल्यावर गाडी किती वेळाने पावसात काढली तर चालेल?

---

फोंडा_पॉलिश

पुसून झाल्यावर निदान दोन-तीन तास छपराखाली, जमलं तर रात्रभर. तार्पीनचा वास पत्र्यावरून पूर्ण गेला की बाहेर काढा. त्याआधी सर आली तर थेंबांच्या जागी फिके गोल डाग उमटतात. ते मेणावरचे असतात, रंगावरचे नाहीत, तेवढ्या जागेवर पातळ हात फिरवून पुसलं की जातात.